ठिपका दिसला, पण कशाचा?

अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी सरकवली की आधी निळे गोल दिसतात. ती पेशींची केंद्रके, डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने उजळलेली. नीट पाहिले तर प्रत्येक निळ्या गोलात दोन-तीन काळसर जागा राहिलेल्या असतात, रंग तिथवर पोहोचलाच नसावा अशा. मग फिल्टर बदलला की नेमक्या त्याच जागा हिरव्या ठिपक्यांनी भरून येतात. ही केंद्रकी. तिथे डीएनए विरळ असतो, आरएनए आणि प्रथिनांची मात्र दाटी असते. तो हिरवा रंग प्रथिनाचा स्वतःचा नसतो. पेशी आधी फॉर्मल्डिहाइडने जागच्या जागी थिजवलेल्या असतात, साबणासारख्या द्रावणाने त्यांच्या आवरणांना भोके पाडलेली असतात, मग त्यांच्यावर एक प्रतिपिंड सोडलेले असते आणि त्या प्रतिपिंडाला पकडणारे दुसरे, रंग लावलेले प्रतिपिंड. डोळ्यांना दिसतो तो या दुसऱ्याचा रंग. दुसरे पहिल्याला चिकटले, हे बहुतेक वेळा खरे असते. पहिले कशाला चिकटले, हे मात्र त्या चित्रात कुठेच लिहिलेले नसते. शोधनिबंधात वाक्य येते ते ठाम असते: अमुक प्रथिन केंद्रकीत आढळते. या वाक्याचा सगळा भार प्रतिपिंडाच्या एका इवल्याशा कुपीवर असतो. ते वाक्य लिहिण्याआधी त्या कुपीची परीक्षा व्हायला हवी, ज्या पेशींत आणि ज्या पद्धतीने काम करायचे त्याच पेशींत आणि त्याच पद्धतीने व्हायला हवी. आणि संशोधन जनतेच्या पैशातून चालत असेल तर ही परीक्षा संशोधकाच्या मर्जीवर न सोडता अनुदानाची अट असायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

शाळेच्या पुस्तकात केंद्रकी एका ओळीत संपते. पेशीच्या हिशेबात मात्र तिच्याइतके खर्चिक खाते क्वचितच दुसरे असेल. पेशीतली सगळी प्रथिने ज्या यंत्रांवर तयार होतात त्या रायबोसोमची जुळणी इथे सुरू होते. माणसाच्या एका रायबोसोममध्ये सुमारे ऐंशी प्रथिने आणि आरएनएचे चार रेणू असतात, आणि वाढणाऱ्या पेशीला असे लाखो रायबोसोम लागतात. म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशीत केंद्रकी मोठी आणि ठसठशीत दिसते; विकृतिशास्त्रज्ञ हे लक्षण शंभराहून अधिक वर्षे टिपत आले आहेत. तिच्याभोवती आवरण नसते. २०११ मध्ये झेनोपस जातीच्या बेडकाच्या अंडपेशींतल्या केंद्रक्यांवर झालेल्या कामातून कळले की त्या द्रवाच्या थेंबांसारख्या वागतात, एकमेकींना भेटल्या की मिसळून मोठ्या होतात. त्या थेंबाच्या आत पुन्हा थर आहेत. फायब्रिलारिन नावाचे प्रथिन आतल्या दाट तंतुमय भागात, तर न्यूक्लिओफॉस्मिन बाहेरच्या कणीदार भागात. स्वीडनमधल्या ‘ह्यूमन प्रोटीन ॲटलास’ या प्रकल्पाने २०२० मध्ये केंद्रकीत आढळणाऱ्या तेराशेहून अधिक मानवी प्रथिनांचा नकाशा मांडला. तो नकाशा प्रतिपिंडांच्याच आधाराने काढलेला आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

प्रतिपिंडांवर शंका घेण्याआधी त्यांचे ऋण मान्य करणे न्यायाचे होईल, कारण केंद्रकीच्या अभ्यासात त्यांनी माणसांचे भले केले आहे. इटलीतल्या पेरुजा येथील ब्रुनांजेलो फालिनी आणि त्यांचे सहकारी तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या नमुन्यांवर न्यूक्लिओफॉस्मिन ओळखणारे प्रतिपिंड वापरत होते. हे प्रथिन केंद्रकीत दिसायला हवे. काही नमुन्यांत ते केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यात पसरलेले दिसले. २००५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार ५९१ नमुन्यांपैकी २०८ मध्ये, म्हणजे तिघांतल्या एकाहून थोड्या अधिक रुग्णांत, हेच चित्र होते. त्यांनी तिथे थांबून निष्कर्ष काढला नाही. त्या प्रथिनाचे जनुक वाचले. त्याच्या शेवटच्या भागात काही अक्षरांची, सर्रास आढळणाऱ्या प्रकारात चारच अक्षरांची, भर पडलेली सापडली. तेवढ्याने प्रथिनाचे शेपूट बदलते, केंद्रकीत रुतून राहण्याची त्याची खूण पुसली जाते आणि बाहेर पडण्याची खूण तयार होते. आज या कर्करोगाच्या निदानात आणि उपचार ठरवताना न्यूक्लिओफॉस्मिनचा हा बदल पाहिला जातो. प्रतिपिंडाने बोट दाखवले, आणि बोट बरोबर जागी होते हे जनुकाच्या अक्षरांनी दाखवून दिले. हा शोध टिकला याचे कारण त्याला दोन स्वतंत्र साक्षी होत्या.

मग एकच साक्ष पुरेशी का नाही? याचे उत्तर प्रतिपिंड मुळात काय आहे यात दडलेले आहे. प्रतिपिंड प्रथिनाचे नाव वाचत नाही, आकार ओळखते, आणि तोही संपूर्ण प्रथिनाचा नव्हे. काही मोजक्या अमिनो आम्लांनी बनलेल्या एका छोट्या भागाचा. तसाच भाग दुसऱ्या प्रथिनावर असेल तर ते तिथेही बसते. शिवाय संख्येचाही प्रश्न आहे. आपल्याला हवे ते प्रथिन पेशीत हजारभर आणि त्याच्यासारखा भाग असलेले दुसरे लाखभर असेल, तर प्रतिपिंडाची ओढ दुसऱ्याकडे कमी असूनही पडद्यावर चमकेल ते दुसरेच. केंद्रकीतली प्रथिने शोधतानाही निसर्गदत्त प्रतिपिंडे कामी आली. स्क्लेरोडर्मा या आजारात त्वचा कडक होत जाते आणि शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. अशा स्वप्रतिकार आजारांच्या रुग्णांचे रक्तद्रव्य पेशींवर घातले तर काहींचे थेट केंद्रकीवर बसते, हे लक्षात आले आणि त्या रक्तद्रव्यांच्याच मदतीने १९८५ साली फायब्रिलारिन हे नवे प्रथिन ओळखले गेले. आजारी माणसांच्या रक्ताने विज्ञानाला दिलेली ही देणगी मला फार मोलाची वाटते. पण असे रक्तद्रव्य म्हणजे अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण. सशाला टोचून मिळवलेल्या रक्तद्रव्याचेही तसेच. दुसऱ्या सशाचे पहिल्यासारखे नसते, आणि तो ससा गेला की ते रक्तद्रव्य कायमचे संपले.

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी यावर तोड काढली. प्रतिपिंड बनवणारी एक पेशी आणि अमर वाढणारी एक कर्करोगी पेशी यांचा संकर करून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळवता येऊ लागले. या कामाला १९८४ साली नोबेल मिळाले. एकच पेशी, एकच प्रतिपिंड, म्हणजे आता गोंधळ उरला नाही, असे अनेक जण धरून चालले. प्रत्यक्षात या संकरित पेशींचेही रूप काळानुसार बदलते. २०१८ मध्ये अशा १८५ संकरित पेशीवाणांची जनुके तपासली तेव्हा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात मूळ प्रतिपिंडाखेरीज आणखी साखळ्या तयार होत असल्याचे आढळले. शुद्ध म्हणून विकत घेतलेल्या कुपीत पाहुणे निघण्याचा हा प्रकार आहे. ज्या प्रतिपिंडाचे जनुक अक्षर न् अक्षर माहीत आहे आणि जे त्या जनुकावरून पुन्हा पुन्हा बनवता येते, त्यातच हा धोका सर्वांत कमी.

केंद्रकीच्या बाबतीत या सर्वसाधारण अडचणींत तिच्या स्वतःच्या अडचणींची भर पडते. ती पेशीतल्या सर्वांत दाट जागांपैकी एक आहे. कधी कधी प्रतिपिंड तिच्या गाभ्यात शिरतच नाही, कडेला अडकून राहते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुरेख कडे दिसते. पाहणारा लिहितो, प्रथिन केंद्रकीच्या काठावर आहे. प्रथिने पचवणाऱ्या एन्झाइमचा अगदी हलका हात फिरवल्यावर गाभाही उजळतो, असे प्रयोगांनी दाखवून झाले आहे; म्हणजे ते कडे प्रथिनाचे नव्हते, प्रतिपिंडाच्या थकव्याचे होते. याच्या उलटही घडते. केंद्रकीत ऋणभारित आरएनए आणि धनभारित प्रथिने ठासून भरलेली असल्याने भलतीच प्रतिपिंडेही तिथे जाऊन बसतात. त्यातून पेशी थिजवण्याच्या पद्धतीचा परिणाम वेगळाच. फॉर्मल्डिहाइडने काही प्रथिनांचे थेंब जिवंत पेशीतल्यापेक्षा ठळक होतात, काहींचे पुसट होतात, हे २०२२ मध्ये जिवंत आणि थिजवलेल्या पेशी शेजारी शेजारी ठेवून दाखवले गेले. मिथेनॉलने थिजवले तर चित्र आणखी बदलू शकते. या सगळ्याचा अर्थ असा की केंद्रकात एखादा गोल, चमकदार ठिपका दिसणे हा फार दुबळा पुरावा आहे, कारण तो अनेक चुकीच्या कारणांनीही तसाच दिसतो. आणि तो दिसायला इतका नेटका असतो की मन लगेच विश्वास ठेवते.

ही भीती पोकळ नाही. २००८ साली ‘ह्यूमन प्रोटीन ॲटलास’ने बाजारात मिळणारी पाच हजारांहून अधिक प्रतिपिंडे तपासली तेव्हा त्यांतली जेमतेम निम्मीच आपल्या प्रथिनापुरती राहत होती. टोरांटोतल्या एका संशोधनगटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा नवा रक्तसंकेत शोधण्यासाठी एका प्रथिनाचा तयार चाचणीसंच वापरला. दोन वर्षे आणि सुमारे पाच लाख डॉलर खर्ची पडल्यावर कळले की संचातले प्रतिपिंड वेगळ्याच, आधीपासून ठाऊक असलेल्या प्रथिनाला पकडत होते. इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राही (रिसेप्टर) या प्रथिनाबद्दल स्तनाच्या कर्करोगात वर्षानुवर्षे परस्परविरोधी निष्कर्ष छापले जात होते. २०१७ मध्ये त्यासाठी वापरात असलेली तेरा प्रतिपिंडे नीट पारखली तेव्हा भरवशाचे एकच निघाले, आणि त्या एकाने पाहिले तर स्तनाच्या गाठींत तो ग्राही आढळलाच नाही. मग मॉन्ट्रियलमधून चालणाऱ्या ‘वायकॅरॉस’ या खुल्या उपक्रमाने २०२३ मध्ये मेंदूच्या आजारांशी संबंधित ६५ प्रथिनांसाठीची ६१४ प्रतिपिंडे तपासली. निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एका तरी चाचणीत नापास झाली. नापास प्रतिपिंडांवर उभे असलेले निबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा निघाले. हा शेवटचा आकडा मला सर्वांत अस्वस्थ करतो. त्या प्रत्येक निबंधामागे कुणाची तरी उमेदीची वर्षे आहेत, आणि त्यावर विसंबून पुढे गेलेल्या दुसऱ्या कुणाचीही.

परीक्षा घ्यायची तरी कशी? तत्त्व सरळ आहे. ज्या पेशीतून ते जनुक काढून टाकले आहे तिच्यात ते प्रथिन नसते. तिथेही प्रतिपिंड चमकत असेल तर ते खोटे बोलते आहे. मॉन्ट्रियलचा गट हे मोठ्या हुशारीने करतो. साध्या पेशी आणि जनुक काढलेल्या पेशी यांना दोन वेगळे रंग देऊन तो त्या एकाच खाचेत एकत्र वाढवतो. दोघींना सारखेच द्रावण, सारखाच वेळ, सारखाच प्रकाश मिळतो. मग चित्रात एक पेशी उजळते आणि तिला खेटून असलेली दुसरी काळी राहते, किंवा दोघीही उजळतात आणि निकाल तिथेच लागतो. पाहणाऱ्याला मखलाशी करायला जागा राहत नाही. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा पाच वाटा मांडल्या: जनुक काढणे किंवा दाबणे, प्रतिपिंडाविना होणाऱ्या मापनाशी ताळा, त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागावर बसणाऱ्या स्वतंत्र प्रतिपिंडाशी ताळा, प्रथिनाला खूण जोडून ताळा, आणि प्रतिपिंडाने पकडलेले नेमके काय आहे ते वस्तुमान मोजून ओळखणे. सगळ्या वाटा चालायची गरज नाही. एखादी तरी पूर्ण चालायला हवी.

इथे जाणकार वाचक अडवेल, आणि त्याचे अडवणे रास्त आहे. केंद्रकीतली अनेक प्रथिने जगण्यालाच लागतात. फायब्रिलारिनचे जनुक काढले तर पेशी तग धरत नाही, मग तुलनेसाठी पेशी आणायची कुठून? पण जनुक कायमचे काढण्याऐवजी छोट्या आरएनएने त्याचा संदेश दोन-तीन दिवस दाबता येतो. प्रथिन जितके घटले तितकीच चमक घटली पाहिजे; घटली नाही तर प्रतिपिंड संशयित. याशिवाय केंद्रकीने स्वतःच दोन परीक्षा देऊ केल्या आहेत, आणि त्यांना फारसा खर्च नाही. ॲक्टिनोमायसिन डी हे औषध अगदी कमी मात्रेत दिले की रायबोसोमच्या आरएनएचे उत्पादन थांबते. मग फायब्रिलारिन केंद्रकीच्या कडेला टोपीसारखे गोळा होते, तर न्यूक्लिओफॉस्मिन केंद्रकात सर्वत्र विखुरते. न्यूक्लिओफॉस्मिनचे म्हणून घेतलेले प्रतिपिंड अशा पेशीतही केंद्रकीतच ठाण मांडून बसले असेल तर कुपीवरच्या चिठ्ठीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा. दुसरी परीक्षा तर त्याच काचपट्टीवर पडलेली असते. वाढत्या पेशींत काही पेशी विभाजनाच्या मध्यात सापडतातच. त्या वेळी केंद्रकी विरघळते आणि तिची प्रथिने आपापल्या ठरलेल्या जागी जातात. फायब्रिलारिन गुणसूत्रांच्या अंगावर पसरते, यूबीएफ हे प्रथिन रायबोसोमच्या जनुकांपाशीच ठिपक्यांच्या रूपात राहते. या परीक्षांनी ओळख पूर्ण सिद्ध होत नाही, कारण शेजारचे दुसरे प्रथिनही तसेच वागू शकते. पण खोटे पकडायला त्या चांगल्या आहेत, आणि अर्ध्या दिवसाच्या कामात होतात.

सगळ्यात जोरदार आक्षेप पैशाचा. आपल्याकडे परदेशी बनावटीची शंभर मायक्रोलिटरची कुपी तीस-चाळीस हजार रुपयांना पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. अनुदान वेळेवर येईल याची शाश्वती नसते, कुपी बर्फात यावी लागते, सीमाशुल्काच्या दारात ती अडकली तर जीव टांगणीला लागतो. अशा प्रयोगशाळेला आणखी तपासण्या करा असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे, असे कुणी म्हणेल. मी हा आक्षेप हलका मानत नाही. पण हिशेब पुढे न्यायला हवा. चुकीच्या कुपीची किंमत तीस हजारांवर थांबत नाही. तिच्यावर बेतलेल्या प्रयोगांना आणखी द्रव्ये लागतात, आणखी महिने लागतात, आणि सरतेशेवटी पाच वर्षांची शिष्यवृत्ती संपत आलेल्या विद्यार्थिनीच्या हाती विस्कटलेले निष्कर्ष उरतात. श्रीमंत प्रयोगशाळेला एक चूक पचते. गरिबाच्या घरातला एक भांडवली खर्च बुडाला तर वर्ष बुडते. म्हणून परीक्षेची गरज आपल्याला अधिक आहे, आणि म्हणूनच ती प्रत्येक प्रयोगशाळेने एकट्याने करू नये. जनुक काढलेल्या पेशींचा साठा, नमुन्याची काचपट्टी, तयार केलेले प्रमाण द्रावण या गोष्टी एका ठिकाणी ठेवून सर्वांना वापरता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशीवाण पुरवणारे भांडार अनेक वर्षे चालू आहे. पेशी जिथून जातात तिथूनच प्रतिपिंडांची खुली परीक्षा व्हावी आणि निकाल, पास असोत वा नापास, सर्वांना पाहता यावेत, ही मागणी अवाजवी नाही. एका प्रयोगशाळेने तपासलेली कुपी दुसऱ्या पन्नास प्रयोगशाळांचे पैसे वाचवते.

आपल्याकडे केंद्रकीवर काम होत नाही असा समज असेल तर तो काढून टाकावा. पुण्याच्याच आयसरमधून २०१७ मध्ये लॅमिन बी-२ हे केंद्रकाच्या अस्तरातले प्रथिन केंद्रकीचा आकार आणि काम कसे सांभाळते यावरचा निबंध आला. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातून २००९ मध्ये दाखवले गेले की न्यूक्लिओफॉस्मिनवर ॲसिटिलचा छोटा गट चिकटला की ते केंद्रकीबाहेर, केंद्रकद्रव्यात आढळते, आणि तोंडाच्या कर्करोगात या रूपाचे प्रमाण वाढलेले असते. तंबाखू आणि गुटख्याने तोंडाच्या कर्करोगाचे ओझे वाहणाऱ्या महाराष्ट्राला या कामाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण या प्रश्नाची बारीकी पाहा. प्रथिन तेच, फरक फक्त त्यावरच्या एका इवल्या गटाचा, आणि तो फरक ओळखायचा प्रतिपिंडाने. अशा कामात कुपी पारखलेली आहे की नाही यावर शोध उभा राहतो किंवा पडतो.

तपासणी कंपनीनेच करावी, विकत घेणाऱ्याने का, असाही प्रश्न येतो. कंपनीने करायलाच हवी. मॉन्ट्रियलच्या उपक्रमाची सर्वांत आशादायक बाजू हीच आहे की त्यात उत्पादकांनी स्वतः प्रतिपिंडे दिली, आणि निकाल आल्यावर अपेक्षेत न बसलेल्यांपैकी सुमारे २० टक्के बाजारातून काढून घेतली, सुमारे ४० टक्क्यांचे वापर बदलून सांगितले. उघड्यावर मांडलेल्या पुराव्याने भांडणाविना सुधारणा होते, हे यातून दिसते. तरीही खरेदीदाराची जबाबदारी संपत नाही, कारण प्रतिपिंड चांगले की वाईट हे कामावर ठरते. उकळून सरळ केलेल्या प्रथिनाला पट्टीवर बरोबर ओळखणारे प्रतिपिंड फॉर्मल्डिहाइडने थिजलेल्या, केंद्रकीत घट्ट रुतलेल्या त्याच प्रथिनाला ओळखेलच असे नाही. कंपनी तुमच्या पेशी, तुमचा रोगी, तुमची पद्धत तपासू शकत नाही. ‘हेच प्रतिपिंड आधी चाळीस निबंधांत वापरले आहे’ हे उत्तर तर अजिबात पुरेसे नाही. मॉन्ट्रियलच्या यादीतल्या नापास कुप्याही निबंधांत वापरलेल्याच होत्या. काही तरुण संशोधक म्हणतात की आता क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने प्रथिनालाच चमकणारी खूण जोडता येते, प्रतिपिंडाचे युग सरले. जिवंत पेशींच्या अभ्यासात त्यांचे म्हणणे मोठ्या प्रमाणात खरे आहे, आणि त्या वाटेने जरूर जावे. पण रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या गाठीच्या तुकड्याला अशी खूण जोडता येत नाही. तिथे प्रतिपिंडच लागते.

अनुदान देणाऱ्यांनी अट घालणे ही काही अघटित गोष्ट नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१६ पासून अर्जासोबत प्रतिपिंडांसारखी महत्त्वाची साधने कशी पारखणार याचा आराखडा मागायला सुरुवात केली. आपल्याकडेही जैवतंत्रज्ञान विभाग, वैद्यक संशोधन परिषद, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान यांनी अर्जात आणि अखेरच्या अहवालात साधे चार रकाने ठेवावेत: कुपीचा क्रमांक, तिच्या खेपेचा क्रमांक, प्रतिपिंडांच्या जागतिक नोंदवहीतली ओळखखूण, आणि प्रथिन नसताना दिसणारे चित्र. चौथा रकाना कोरा असेल तर कारण लिहावे. विद्यापीठांनी हाच नियम प्रबंधाला लावावा. याने काम मंदावेल, असे म्हणतात. सुरुवातीला काही आठवडे मंदावेल, हे मला मान्य आहे.

आणि ही गोष्ट संशोधनाच्या खोलीपुरती नाही. स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांतला सर्वाधिक आढळणारा कर्करोग. त्याच्या गाठीच्या अहवालात ‘की-६७’ नावाची एक टक्केवारी बहुतेक वेळा असते. की-६७ हे प्रथिन वाढत्या पेशीत मुख्यतः केंद्रकीत आणि तिच्या भोवती असते, विभाजनात गुणसूत्रांना वेढते. त्याचे नाव प्रथिनावरून पडलेले नाही, प्रतिपिंडावरून पडले आहे: जर्मनीतल्या कील शहरात १९८३ साली सापडलेल्या ६७ व्या पेशीवाणाचे ते प्रतिपिंड. ते मूळ प्रतिपिंड गोठवलेल्या तुकड्यांवरच चाले. मेणात जपलेल्या गाठींवर चालणारे नंतर, नव्वदच्या दशकात आले. २०१३ मध्ये आठ अनुभवी प्रयोगशाळांनी शंभर गाठींवर आपापले मोजमाप ताडून पाहिले. प्रत्येक प्रयोगशाळेचे स्वतःशी जमत होते, एकमेकींशी तितके जमत नव्हते, आणि प्रत्येकीने आपल्या पद्धतीने रंगवले तेव्हा अंतर आणखी वाढले. २०२१ मध्ये या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय गटाने सांगितले की इस्ट्रोजेन ग्राही असलेल्या आणि हर-२ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले नसलेल्या सुरुवातीच्या गाठींत केमोथेरपीचा निर्णय घेताना पाच टक्के वा त्याखालची आणि तीस टक्के वा त्यावरची संख्याच भरवशाची धरावी. मधल्या पट्ट्यात पडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. अहवालावर अठरा टक्के छापलेले असते, घरचे तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसतात, आणि कुणीतरी विचारते, हे जास्त आहे की कमी.